आईने पहिला ड्रेस रेल्वेत घातला... तुमच्या घरात कधी आला?

गोदाकाठ

परवा आईच्या कपाटाचा खालचा कप्पा आवरायला काढला. गोधडीसाठी जुन्या सुती साड्या हव्या होत्या, आमच्या नाशिकरोडला एक मावशी अजून हाताने टाके घालून शिवून देतात. तर चार-पाच साड्या निघाल्या, आजीचं एक विटलेलं नऊवारी निघालं आणि सगळ्यात खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक मोरपंखी पंजाबी ड्रेस. सलवार, कमीज, ओढणी, तिन्ही जागच्या जागी. कमीज गुडघ्याच्या पार खाली, बाह्या कोपर झाकणाऱ्या, गळ्याला पांढरं पायपिंग. मी म्हटलं आई हा टेरिकॉटचा आहे, गोधडीला चालायचा नाही, बोहारणीला देऊ का? तर एकदम म्हणाली, "नको, राहू दे, तो वैष्णोदेवीचा आहे."

मग मला सगळं आठवलं. १९९४ साल, मी नववीत. बाबा प्रेसमध्ये होते, प्रेसमधल्याच तीन कुटुंबांनी मिळून वैष्णोदेवीला जायचं ठरवलं. आई तेव्हा चाळिशीची, लग्नाला एकोणीस वर्षं झालेली, आणि तोवर साडीशिवाय दुसरं काही अंगाला लागलेलं नाही. मी ड्रेस घालायचे त्याला आजीची हरकत नव्हती, लग्न होईस्तोवर पोरीने घालावं काय ते म्हणायची. सुनेचं वेगळं. मग आई आणि शेजारच्या दोघी काकू गुपचूप मेन रोडला गेल्या, ड्रेस मटेरियल घेतलं आणि ते नेहमीच्या टेलरकडे टाकलं नाही, कारण त्याची बायको आजीच्या भजनी मंडळात होती. मनमाडला झेलम एक्सप्रेसमध्ये बसलो ते साडीत. जळगाव मागे पडल्यावर तिघी एकामागून एक संडासात जाऊन कपडे बदलून आल्या. आल्या पण बराच वेळ बसल्याच नाहीत, दाराजवळ उभ्या, ओढणीची दोन्ही टोकं मुठीत घट्ट. बाबांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "चढायला बरं पडेल." कटऱ्याहून वर भवनापर्यंत आई जी चालली ना, हात मोकळे सोडून, मी तिला तसं चालताना त्याआधी कधी बघितलंच नव्हतं. येताना मनमाड यायच्या आत परत साडी.

पुढे तीन वर्षं ड्रेस कपाटात. मग आजीचे गुडघे गेले, तिला दवाखान्यात न्यायचं-आणायचं म्हणून आई लुना शिकली आणि आठवड्याच्या आत पदर चाकात जाऊन पडली, कोपर फुटलं. त्या संध्याकाळी आजी म्हणाली, "तुझा तो यात्रेतला ड्रेस आहे ना, तो घालून चालव उद्यापासून." म्हणजे तिला माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं आणि एक शब्द बोलली नव्हती.

मला असं वाटतं की आपल्याकडे बायकांचे कपडे फॅशन म्हणून कमी बदलले आणि कामापायी जास्त बदलले. गाडी आली, नोकरी आली, बस पकडायची आली, की साडी मागे पडली, फॅशन मागून आली. तुमच्याकडे कसं झालं? पहिला ड्रेस कोणत्या साली, कोणी घातला, कोण काय म्हणालं, लिहा ना. खरंच ऐकायचंय.

सिन्नरफाटा

आमच्याकडे २००३. मोठी वहिनी बी.एड. करत होती, रोज एसटीने नाशिक. कॉलेजात ड्रेस, गावच्या फाट्यावर उतरलं की ओढणी डोक्यावर, घरात शिरलं की आधी साडी आणि मग पाण्याचा तांब्या. पूर्ण वर्ष दिवसातून दोन वेळा कपडे बदलले तिने. शेवटी माझी आईच एक दिवस म्हणाली की अगं तुझे दोन-दोन जोड धुण्यात माझी कंबर मोडली, राहू दे तोच अंगावर.

पारावरचा

वरचं वाचलं आणि एक गोष्ट लक्षात आली, ती चांगली नाही वाटली मला.

आमच्या आजोबांचं धोतर कधी सुटलं ते घरात कुणालाच आठवत नाही. धोतर, पैरण, टोपी असे होते ते, मग लेंगा आला, वडिलांनी टेरिकॉटची पॅन्ट घातली, भावाच्या लग्नात सफारी शिवला, मी कामावर जीन्स आणि घरी बर्म्युडा. एवढं सगळं बदललं आणि आमच्यातल्या एकालाही कुणाची परवानगी घ्यावी लागली नाही, रेल्वेच्या संडासात जाऊन बदलावं लागलं नाही. टोपी गेली तेव्हा आजी थोडी नाराज होती, बोडक्या डोक्याने बाहेर पडू नये म्हणायची, बस तेवढंच. आईने मात्र अजूनपर्यंत ड्रेस घातलेला नाही आणि तिला घालावासा वाटला का हे मी तिला कधी विचारलेलंही नाही.

सुईदोरा

नमस्कार ताई. माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे रविवार कारंज्याजवळ, आधी वडील बसायचे, मी १९९२ पासून बसतो. तुमच्या आईसारख्या कितीतरी बायका माझ्या समोर माप देऊन गेल्यात. त्यावेळी चाळिशीच्या बाया यायच्या, मटेरियल काउंटरवर ठेवायच्या आणि म्हणायच्या "मुलीचा शिवायचाय", आणि माप स्वतःचं द्यायच्या. मी पण मान खाली घालून वहीत लिहून घ्यायचो, "मुलगी बरीच उंच झाली हो" असं कधी म्हटलं नाही. वडिलांनी शिकवलेलं, माप घेताना टेप बोलतो, टेलर बोलत नाही.

त्यांच्या सूचना ठरलेल्या, लांबी जास्त, बाह्या लांब, गळा बंद, साइडचे कट खाली घ्या. पुढच्या ड्रेसला तीच बाई यायची आणि कट बोटभर वर, गळा थोडा मोठा. तिसऱ्याला कापड मुलीचं आहे हे सांगणं बंद. माझ्या वहीत बदल असा दिसतो, दर खेपेला बोटभर.

आता ड्रेस शिवायला फार कमी येतात, रेडीमेड कुर्ती आणि लेगिंग आल्यापासून ते काम गेलंच. दुकान चालतंय ब्लाउजवर. साडी रोजची राहिली नाही, कार्याची झाली, त्यामुळे ब्लाउजला महत्त्व आलं, अस्तर, प्रिन्सेस कट, मागे दोरी आणि लटकन. पूर्वी साडीला शोभेल असा ब्लाउज असायचा, आता ब्लाउज आधी ठरतो. काम चांगलं आहे, पण रोजच्या वापराचं शिवणं हातातून गेलं याचं वाईट वाटतंच.

द्राक्षमळा

दिंडोरी तालुका. आमच्याकडं अजून वेगळीच गोष्ट आहे ती सांगते. बागेत काम करणाऱ्या बाया बघितल्या का कधी जवळून? साडी, आणि साडीवर पुरुषाचा फुलबाहीचा शर्ट, डोक्याला अन् तोंडाला रुमाल. ही काय हौस नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फेल (घड नसलेली फूट) काढायचे, घड विरळायचे, डिपिंगला एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा, हात वर करून करून दिवस जातो आणि ते पाणी कोपरावरून आत उतरतं. ब्लाउजची बाही कुठवर पुरणार? पानं खरखरतात, फवारणीचा वास कपड्यात बसतो, निफाड-दिंडोरीची थंडी सकाळी सातला काय असते ते तिथं उभं राहिल्यावर कळतं. म्हणून शर्ट. कुणाच्या नवऱ्याचा, कुणाच्या पोराचा. आमच्याकडं पेठ-सुरगाण्याकडून टोळी येते, त्यातल्या एकीच्या अंगावर मुलाचा हायस्कूलचा शर्ट असतो, खिशावर शाळेचं बोधचिन्ह तसंच आहे. मुलगा दहावी होऊन पुढं गेला, शर्ट आईकडं आला. ती त्या खिशात मोबाइल ठेवते आणि तंबाखूची डबी. मी एकदा म्हटलं, मावशी दुसरा चांगला देते, हा उसवलाय. तर म्हणाली, "खिसा हाये ना यालं, तुमच्या त्या टापाला खिसा नाय."

तिच्या सासूच्या अंगावर अजून गुडघ्यापर्यंतचं लुगडं आणि वर फडकी असते, तिची मुलगी नाशिकला नर्सिंगला आहे, ती जीन्समध्ये येते सुट्टीला. तीन पिढ्या एकाच पिकअपमधून उतरतात. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवरून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला तेव्हा ही मावशी गेली होती मुंबईपर्यंत पायी, डोक्याला लाल टोपी, अन् अंगावर हाच शर्ट.

गोदाकाठ

खिशाचं वाचून मी थांबलेच. आजी नऊवारीच्या कनवटीला पैसे लावायची, कमरेला चंची असायची तिच्या. आईच्या पाचवारीत काहीच नाही, पैसे ब्लाउजमध्ये नाहीतर हातात पर्स. ड्रेसला पण खिसा नव्हता. म्हणजे ड्रेसने पाय मोकळे झाले आणि हात पर्सला अडकला तो अडकलाच. सुईदोरा दादा, बायकांच्या कपड्यांना खिसा का नाही लावत तुम्ही लोक?

सुईदोरा

लावतो की ताई, मागणारी पाहिजे. आधी कुणी मागायचंच नाही. कापड जास्त लागतं असं नाही, साइडच्या शिवणीत घेतला तर दिसतही नाही. पण खिशात काही ठेवलं की कमीज त्या बाजूला ओढतो, फिटिंग बिघडतं, म्हणून रेडीमेडवाले टाळतात. आता चार-पाच वर्षं झाली, मोबाइलसाठी म्हणून कुर्तीला खिसा मागतात, विशेषतः नर्स आणि शाळेच्या बाई.

निळी पहाट

धागा आवडला म्हणूनच लिहिते आहे, पण गोदाकाठ ताई, "कामापायी बदलले" हे सगळ्यांच्या बाबतीत खरं नाही. आमच्याकडे कपडा कामाने नाही बदलला. आमच्याकडे तो ठरवून बदलला.

माझी पणजी नाशिक जिल्ह्यातलीच. त्या काळात अस्पृश्य बाईने लुगडं कसं नेसायचं, किती लांब ठेवायचं, कोणत्या धातूचे दागिने घालायचे हे गावाने ठरवलेलं होतं. लुगडं गुडघ्याच्या वर, हातात कोपरापर्यंत कथलाचे आणि हलक्या धातूचे गोठ-पाटल्या. लांबून बघितलं की जात कळली पाहिजे, त्यासाठी होतं ते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब खास बायकांशी बोलले, की ही नेसण हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती टाका, लुगडं पायघोळ नेसा, हातभर दागिने टाका, कपडा फाटका असला तरी चालेल पण स्वच्छ असू द्या. पणजी स्वतः महाडला नव्हती गेली, पण ती गोष्ट गावोगाव पोचली. आजी सांगायची की त्या वर्षी आमच्या वस्तीत बायांनी एकमेकींना नेसायला शिकवलं, दार लावून, कारण सवयच नव्हती, निऱ्या पायात यायच्या. आणि बाहेर पडल्यावर गावातले लोक बोलले, "आता हीसुद्धा मिरवायला लागली." विहिरीवर शिव्या खाल्ल्यात पणजीने घोट्यापर्यंतच्या लुगड्यासाठी. १९३० साली २ मार्चला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात बायासुद्धा होत्या, पणजी होती, आणि आजी म्हणायची ती पायघोळ नेसून गेली होती. देवळाचं दार उघडलं नाही. लुगडं मात्र परत वर गेलं नाही.

तुमच्या आईला साडी सोडायला तीन वर्षं लागली, माझ्या पणजीला ती धड नेसायला भांडावं लागलं. दोन्ही खरंच आहे. फक्त साडी म्हणजे जुनं आणि ड्रेस म्हणजे सुटका असा सरळ हिशोब मला मांडता येत नाही. आमच्या घरात १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, अजून सगळ्या बायका पांढरी साडी नेसतात, माझी आयटीतली मुलगीसुद्धा, आणि तिला कुणी सांगत नाही.

गोदाकाठ

तुमचं दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. तुमचं बरोबर आहे, माझं वाक्य अर्धवट होतं. मी आमच्या घरावरून सगळ्यांचं ठरवलं. काळारामाच्या पूर्व दरवाजासमोरून मी किती वेळा गेलेय, सत्याग्रहाचं माहीत होतं, पण त्या दिवशी तिथे उभ्या असलेल्या बायका काय नेसून आल्या असतील आणि ते नेसायला त्यांना काय पडलं असेल हा विचारच कधी केला नव्हता.

येवलेमाग

आमचा पैठणीचा माग आहे घरी, येवल्यात, तिसरी पिढी. लोकांना वाटतं पैठणी म्हणजे न बदलणारी गोष्ट, तसं नाही. रोज नेसायची राहिली नाही म्हणून साडी मेली असं म्हणतात पण आमच्याकडे उलट झालं, साडी रोजची राहिली नाही म्हणून पैठणीचं महत्त्व वाढलं, लग्नात एक तरी हवीच. आता पैठणीचे जॅकेट मागतात नवरदेवासाठी, ओढणी मागतात, परकर-पोलकं मागतात लहान मुलीला. २०१० मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तरी बाजारात पॉवरलूमची सेमी पैठणी ढिगाने आहे आणि ती स्वस्त आहे, घेणाऱ्याला दोष नाही देणार, सगळ्यांना कुठे परवडतं. फक्त हातमागाची म्हणून विकू नये. ओळखायचं सोपं आहे, पदर उलटा करून बघा. हातमागावर मोर जसा पुढून दिसतो तसाच मागून दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. भरगच्च पदर असेल तर माग महिनोन्‌महिने अडकतो. माझी बायको मागावर बसते. तिच्या अंगावर गाऊन असतो आणि हातात लोकांची पैठणी. तिची स्वतःची एकच, आमच्या लग्नातली, ती पण आईने विणलेली.

नऊवारीप्रेमी

मला थोडं वेगळं वाटतं, रागावू नका. आमच्या लहानपणी सकाळी गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) गेलं की किती रंगाच्या साड्या घाटावर वाळत असायच्या, पूर्ण काठ झाकलेला असायचा. आता सगळीकडे एकच काळी लेगिंग आणि एकच कुर्ती. गावाची ओळख पुसली जाते असं वाटतं. बाईला त्रास व्हावा असं अजिबात म्हणणं नाही. पण पाडव्याच्या शोभायात्रेत मुली नऊवारी नेसून बुलेटवर बसतात तेव्हा बरं वाटतं.

सुईदोरा

त्या नऊवारी मीच शिवतो दादा. शिवलेली असते, पायजम्यासारखी पाय घालून चढवायची, निऱ्या आणि कासोटा आधीच टाचलेला. दोन मिनिटांत तयार. पाडव्याच्या आधी महिनाभर दुसरं काम घेता येत नाही. आणि एक सांगतो, नऊवारी ही मुळात कामाचीच नेसण. कासोटा असल्याने पाय मोकळे, शेतात वाकता येतं, घोड्यावर बसता येतं. गोल पाचवारी आली ती शहरातून, शिकलेल्या घरांतून, आणि तिच्यात चालणं उलट अवघड झालं. गोदाकाठ ताईंच्या आजीला लुनावर बसवली असती तर पदर खोचून कासोट्यात तिने आरामात चालवली असती.

खडूफळा

मी झेडपीची शिक्षिका, २४ वर्षं सर्व्हिस. नोकरी लागली तेव्हा आमच्या शाळेत (गाव सांगत नाही) ड्रेस घालून गेले म्हणून मला सगळ्यांसमोर बोलले होते, की शिक्षिकेला शोभत नाही, मुलं काय शिकतील. गावात एसटी नव्हती, मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर पायी, पावसाळ्यात ओढा. पोटरीपर्यंत साडी धरून ओढा ओलांडायचा आणि पलीकडे गावातली माणसं बसलेली असायची. ते शोभत होतं. रोज रडायचे तेव्हा.

मार्च २०२४ मध्ये शासनाने शिक्षकांच्या पोशाखाचं परिपत्रक काढलं. जीन्स-टीशर्ट नको, आणि महिलांसाठी साडी किंवा सलवार, चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी मी बोलणी खाल्ली तो ड्रेस आता सरकारी कागदावर साडीच्या शेजारी बसलाय. आणि माझ्या शाळेतली नवीन मुलगी, २५ वर्षांची, तिला जीन्स घालायची आहे आणि तिला मी काय सांगू? मी तिला सांगितलं, मुलांसमोर तू खाली मांडी घालून बसतेस, त्यांच्याबरोबर खो-खो खेळतेस, माझ्या मते तुझी जीन्स बरोबर आहे. नियम माझ्या हातात नाही.

चौकमंडई

जुन्या नाशकातून लिहिते. आमच्याकडे अम्मीचा बुरखा टोपीवाला होता, वरून एकदम खाली. माझा अबाया आहे, पुढे बटणं, आणि दोन खिसे, आत्ता धागा वाचून मुद्दाम बघितले. स्कार्फ पिन लावून बांधते, मी स्कुटीवर फार्मसी कॉलेजला जायचे. उन्हाळ्यात गंगापूर रोडच्या सिग्नलला उभी राहिले की आजूबाजूच्या सगळ्या मुली डोळ्यांपर्यंत स्टोल बांधून, हातमोजे, सनकोट. त्या धुळीसाठी आणि उन्हासाठी, मी माझ्यासाठी. सिग्नलला कधी कुणी माझ्याकडे वळून बघितलं नाही. कॉलेजच्या गेटमधून आत गेलं की त्या सोडायच्या, मी नाही, आणि मग लोक बघायचे. त्या सिग्नलची मिनिटं मला आवडायची.

द्राक्षमळा

चौकमंडई ताई, तुमचं वाचून गप्प झाले. टोळीतल्या मावशीला सांगितलं की शहरात पण बाया खिसे मोजायला लागल्या, तर हसली खूप.

पारावरचा

आज आईला विचारलं. म्हणाली, "१९९९ ला वाटलं होतं, तुझ्या मावशीने आणलेला. तुझे बाबा काही म्हणाले नसते, पण तू म्हणालास की आई तू साडीतच छान दिसतेस." मी अकरा वर्षांचा होतो. मला आठवतही नाही.

गोदाकाठ

पारावरचा, तुमचं वाचून काय लिहावं कळेना. त्यांना विचारा अजून हवाय का.

साड्या आणि आजीचं नऊवारी गोधडीवाल्या मावशींकडे दिलं, त्या म्हणाल्या नऊवारी मध्ये घालते, ते सगळ्यात मऊ आहे. मोरपंखी ड्रेस कपाटातच आहे. आणि आईला घेऊन काल मेन रोडला गेले, गाऊनसाठी सुती कापड घेतलं. आई आता भाजीला जाताना गाऊनवर ओढणी घेऊन जाते, त्यामुळे जरा जाड पोत बघितला. टेलरने माप घेतलं, वहीत लिहिलं, वर बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं नाही, थेट त्यांनाच म्हणाली, "उजव्या अंगाला खिसा पाहिजे. चष्म्याचं घर मावेल एवढा." गुरुवारी मिळणार आहे.